लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसला एक संध्याकाळ द्यावी का?

दांडियाबाजारकर : आम्ही उभयता आणि १७ वर्षांचा नातू पुढील महिन्यात लास व्हेगासला दोन दिवस थांबणार आहोत. प्राचीन रोमच्या धर्तीवरील सीझर्स पॅलेस हे जुगारगृह असलेले हॉटेल आणि त्याला जोडलेला 'फोरम शॉप्स' हा बाजार चुकवू नका, असा जावईबापूंचा आग्रह आहे. आम्हांला जुगारात रस नाही आणि सौ.चे गुडघे दुखतात. तरीही जावे काय?

अलकापुरी : अवश्य जावे. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात २१ वर्षांखालील व्यक्तीला जुगार खेळता येत नाही, इतकेच नव्हे तर जुगाराच्या दालनात रेंगाळताही येत नाही. केवळ वाटेवरून पुढे जाता येते. त्यामुळे नातवाला यंत्रांपाशी उभे करून छायाचित्र काढण्याच्या फंदात पडू नका. १९९२ मध्ये सुरू झालेला बाजार २००४ मध्ये मुख्य रस्त्यापर्यंत वाढवला गेला, म्हणून तेथून थेट आत शिरता येते आणि गोलाकार वळत जाणारे सरकते जिनेही त्याच बाजूस आहेत. छतावर रंगवलेल्या आकाशाखाली दिव्यांचा प्रकाश पहाटेपासून संध्याकाळपर्यंतच्या छटा घेत बदलत राहतो. मला खरेदीपेक्षा तेच अधिक आवडले.

मांडवीवाला : जा, पण रोम पाहिल्याच्या समजुतीने परतू नका. तेथील संगमरवरी डेव्हिड ही मायकेलअँजेलोने १५०४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पूर्ण केलेल्या पुतळ्याची प्रतिकृती आहे आणि पंख असलेली विजयदेवता मूळची ग्रीक आहे. हॉटेल व्यावसायिक जे सार्नो यांनी १९६६ मध्ये उघडलेल्या या हॉटेलाच्या इंग्रजी नावात षष्ठीचे चिन्ह मुद्दामच नाही, कारण येणारा प्रत्येक पाहुणा सीझर! अर्थात, लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलातील व्हेनिशियन मोझेकची जमीन आणि फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पे अभिमानाने दाखवणाऱ्या आपण बडोदेकरांनी उसन्या वैभवाला फार नाक मुरडू नये, हेही खरे.

रावपुरेकर : बाहेरच्या आवारातील चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ती कोणीच कशी सांगितली नाही? बँकॉकच्या एरावन देवस्थानाच्या धर्तीवरील ती थाई घडणीची मूर्ती १९८४ पासून तेथे आहे आणि लोक तिच्यापुढे उदबत्ती लावतात. पुष्करला जाण्याचे राहून गेलेल्या आमच्या वहिनींनी तेथेच हात जोडले.

दांडियाबाजारकर : सर्वांचा आभारी आहे. ब्रह्मदेवाचे ऐकताच सौ.ने होकार दिला. नातवाला २१ वर्षांची अट मात्र अद्याप सांगितलेली नाही.