लहान मुलांबरोबर दिवाळीचा किल्ला: किती काम त्यांच्यावर सोपवावे?

पारिजात

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो आणि यंदा दिवाळीच्या किल्ल्यासाठी पार्किंगच्या कुंपणालगतची, साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी जागा आम्हाला मिळाली आहे. मुलगी सहा वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, पण ते आणले की मावळे मांडण्यापलीकडे मुलांच्या वाट्याला काही उरत नाही. दुसरीकडे, सोसायटीतली मोठी मुले आणि उत्साही बाबालोक किल्ल्याचा ताबा घेतात आणि लहानग्यांना “हात लावू नकोस” एवढेच ऐकावे लागते, असेही पाहिले आहे. या वयाच्या मुलांना नेमकी कोणती कामे झेपतात, आणि कोणता किल्ला करायला घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गडवाट

सांगाडा मोठ्यांनी करावा आणि माती मुलांवर सोडावी, अशी सरळ वाटणी आमच्या घरात आहे. दगड आणि विटांचे तुकडे रचणे हे लहान मुलांचे काम नव्हे. त्यात बोटे चेंगरतात, शिवाय पावसाळाभर पडून राहिलेल्या दगडांखाली विंचू किंवा गोम असू शकते, त्यामुळे प्रत्येक दगड काठीने उलटून, झटकूनच उचलावा.

सांगाडा पक्का झाला की मुलांना बोलवा. माती चाळणे, तिच्यातले खडे वेचणे, पाणी घालून ती पायाने तुडवणे ही कामे चार वर्षांचे मूल कंटाळा न करता बराच वेळ करते. चिखल इडलीच्या पिठासारखा सरसरीत झाला की गोणपाटाचे तुकडे त्यात बुचकळून दगडांवर पसरायचे. ते वाळले की वरचा थर घसरत नाही. लिंपायची माती मात्र घट्ट हवी. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात तांबडी माती आणि थोडी बारीक वाळू मिसळावी.

हिरवळीसाठी बहुतेक जण मोहरी टाकतात. ती उगवते चांगली, पण उभ्या कड्यावर पाणी शिंपडले की दाणे ओघळून पायथ्याशी गोळा होतात. हळिवाच्या दाण्यावर भिजल्यानंतर बुळबुळीत, चिकट आवरण येते आणि त्यामुळे तो उतारालाही धरून राहतो. दोन-तीन दिवसांत मोड दिसू लागतात, म्हणून वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरणी करावी. फार आधी केली तर ऐन लक्ष्मीपूजनाला रोपे माना टाकून बसतात. पाणी तांब्याने न घालता फवाऱ्याच्या बाटलीने द्यावे, आणि ती बाटली धाकट्याच्या हाती द्यावी.

पेरणी सर्वस्वी मुलांकडे असू द्या. ती मूठभर दाणे एकाच जागी टाकतील, मग तिथे रान माजेल आणि शेजारी टक्कल राहील. ते तसेच ठेवावे. मुले झोपल्यावर गुपचूप खाली जाऊन किल्ला ‘नीट’ करणारे पालक मला अजिबात आवडत नाहीत, कारण मुलांना दुसऱ्या दिवशी ते बरोबर कळते.

संजीवनी माची

किल्ल्याच्या निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: राजगड करा. रायगड सर्वांचा लाडका असला, तरी त्याच्या माथ्यावर बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ, गंगासागर तलाव असे बारीक काम पुष्कळ, आणि ते शेवटी मोठ्यांच्याच गळ्यात पडते. राजगडाची रचना चार वर्षांच्या मुलालाही हाताने दाखवता येते. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखाली पसरलेले डोंगराचे सपाट भाग. ताईची एक, दादाची एक आणि तिसरी आई-बाबांची, असे ठरवून टाकले की भांडणे निम्म्याने कमी होतात.

मुलांना आधी खरा किल्ला दाखवायचा असेल, तर मात्र लोहगड सोयीचा, कारण वर जायला पायऱ्या आहेत आणि वाटेत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. परतल्यावर मुले तेच चार दरवाजे पुठ्ठ्याचे करून ओळीने लावतात. लोहगड आणि राजगड हे दोन्ही किल्ले 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत, पण मुलांना खरे आकर्षण असते ते लोहगडाच्या लांबलचक विंचूकाट्याचे, म्हणजे विंचवाच्या नांगीसारख्या दिसणाऱ्या चिंचोळ्या माचीचे.

लेस्टरकर

आमच्याकडे इंग्लंडमध्ये दिवाळी ऐन पानगळीत येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे गेली की शाळा सुटल्यावर लवकरच अंधारून येते, त्यामुळे किल्ल्याचे काम शनिवार-रविवारी सकाळीच उरकावे लागते. हळीव इथे क्रेस या नावाने बियाण्यांच्या दुकानात मिळतो. थंड मातीत तो लवकर उगवत नाही, म्हणून आम्ही घरातच ओल्या कागदी रुमालावर उगवून घेतो आणि मुले तो कागद तसाच उतारावर चिकटवतात.

उरलेले सामान बागेतल्या झाडांखाली सापडते. ओकच्या फळांच्या टोप्या मातीच्या मावळ्यांच्या डोक्यावर अगदी पगडीसारख्या बसतात आणि हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी बिया तोफगोळे म्हणून चालतात. त्या विषारी असल्यामुळे तोंडात जाणार नाहीत, एवढे पाहावे. पुण्यात गुलमोहराच्या शेंगा आणि बुचाची फुले मिळतीलच, तेव्हा मुलांना आधी एक फेरी मारून पिशवीभर वेचू द्या.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. राजगड पक्का झाला आहे आणि सुवेळा माचीवर मुलीने आत्ताच हक्क सांगितला आहे. दोन शंका उरल्या. मुलाला तळे हवेच आहे, पण डासांचे काय? आणि परतीचा पाऊस आला तर?

गडवाट

तळ्यासाठी डब्याचे पसरट झाकण मातीत बसवावे, म्हणजे ते उचलून रिकामे करता येते. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून रोज पाणी ओतून झाकण आतून घासून घ्यावे.

पावसासाठी चारही कोपऱ्यांत बांबू रोवून वर प्लास्टिकचा कागद उतरता बांधावा. आभाळ भरून आले तरच तो ओढून घ्यावा. सतत झाकून ठेवले तर हळिवाला बुरशी लागते. पणत्या पुढच्या दगडांवरच ठेवाव्यात आणि फटाके किल्ल्यापासून लांब उडवावेत, कारण वाळलेले गोणपाट चटकन पेट घेते. भाऊबिजेनंतर माती सोसायटीच्या कुंड्यांत घालावी आणि दगड कुंपणालगत रचून ठेवावेत; पुढच्या वर्षी तेच उपयोगी पडतात.