मदत हवी आहे: एका पगारात घर चालेल का? (बेळगाव, बाळ 7 महिन्यांचं)

वडगावची_गल्ली
नमस्कार मंडळी. बाळ सात महिन्यांचं आहे. दोघांपैकी एकानं नोकरी सोडून घरी राहायचं ठरलंय. आत्ता दोन्ही पगार मिळून 47 हजार हातात येतात. एकावर भागेल का, एवढंच सांगा. ‘ज्याचं त्यानं ठरवायचं’ असली उत्तरं नकोत. सोमवारी नोटीस द्यायची आहे.

निपाणीचा_तंबाखू
पगार कुणाचा किती, घर भाड्याचं का, कर्ज किती, रेशनकार्ड कुठलं, भिशी आहे का, असेल तर उचलली का? यातलं काहीच नाही. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

तिसरं_गेट
ताई, आधी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचं बघा. महिन्याला 2000, पण कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख तिलाच. सासूबाई प्रमुख असतील तर त्यांना मिळणार, सुनेला वेगळे नाहीत. नवरा-बायकोपैकी कुणी आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर अर्जच बाद. नुसतं खात्याला आधार जोडून भागत नाही, एनपीसीआयकडे (योजनेचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे ते जिथं ठरतं) त्याच बँकेची नोंद लागते. दोन बँकांत खाती असली की पैसे भलत्याच खात्यात पडतात आणि माणूस ‘आले नाहीत’ म्हणत फिरतो. हप्ता मागेपुढे होतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर घरभाडं ठरवू नका.

खानापूर_रोड
त्यापेक्षा लाडकी बहीण भरून टाका ना, 1500 येतील.

निपाणीचा_तंबाखू
ती महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांना आहे ओ. वडगाव कुठल्या राज्यात येतं?

खानापूर_रोड
तोच तर प्रश्न आहे! सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राची फुले जनआरोग्य योजना लागू करता येते, मग हीच का नाही?

तिसरं_गेट
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथं बाळाचा प्रश्न चाललाय.

वडगावची_गल्ली
ताई ताई काय लावलंय? मी बाप आहे. घरी मी राहणार. बायको स्टाफ नर्स, हातात 28 हजार. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर, हातात 19 हजार, बेसिक 13 हजार. चार वर्षं चार महिने झाले. भाडं 7500, गाडीचा हप्ता 3100, भिशी 2000. पाळणाघर 6000. रेशनकार्डावर आई प्रमुख आहे, तिचे 2000 तिच्या औषधाला जातात. गुडघ्यांमुळे तिला बाळ उचलवत नाही.

निपाणीचा_तंबाखू
हे आधी लिहायला काय झालं होतं! आता ऐका. तुमचा पगार 19 हजार दिसतो, पण त्यासाठी पाळणाघर 6000, पेट्रोल आणि बाहेरचं खाणं धरा 3000. राहिले 10 हजार. बाळाला ताप आला की पाळणाघर घेत नाही, दोन खाडे झाले की आणखी दीड हजार गेले. म्हणजे खरी खोट साडेआठ ते दहा हजारांची. शिवाय मालक पीएफमध्ये बेसिकच्या 12 टक्के घालतो, म्हणजे 1560. तेही बंद होणार.
28 हजारांतून भाडं, हप्ता, भिशी गेली की 15,400 उरतात. चार माणसांचं किराणा-दूध-गॅस त्यात बसतं, दवाखाना बसत नाही.

अनगोळ_हिशेब
दवाखान्याचीच गोष्ट राहिली. 21 हजारांच्या आत पगार म्हणजे तुमचा ईएसआय (कामगार विमा) कापत असणार. 28 हजारांवर बायकोचा नाही. आज घरातल्या सगळ्यांचा दवाखाना तुमच्या कार्डावर आहे, नोकरी सोडली की तोच जाणार. लगेच नाही जात: एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पुढच्या जुलै ते डिसेंबरला चालते. त्या मुदतीत बाहेरची फॅमिली पॉलिसी घेऊन ठेवा. नवीन पॉलिसीला पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागतं. आईला त्यात घालू नका, तिच्या वयानं सगळ्यांचाच हप्ता चढतो.
आणि टर्म इन्शुरन्स आता बायकोच्या नावावर. कमावणारी ती एकटीच राहणार. लोक नवऱ्याचा काढून बसतात.

तिसरं_गेट
पीएफ काढून एफडी केली तर दोन वर्षं निघतील की.

अनगोळ_हिशेब
चुकीचा सल्ला. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर रक्कम करपात्र, 50 हजारांच्या वर टीडीएसही कापतात. खात्यात राहू दे, व्याज चालू राहतं.
आणखी एक. ग्रॅच्युइटीलाही, म्हणजे नोकरी सोडताना मालक देतो त्या रकमेलाही, पाच वर्षं लागतात. शेवटच्या बेसिकला 15/26 नं गुणायचं, मग वर्षांनी. 13 हजारांवर एका वर्षाचे 7500, पाच वर्षांचे 37,500. तुम्ही आठ महिने आधी सोडताय. सोमवारची नोटीस म्हणजे हे पैसे मालकाला भेट.

शहापूर_मागवाला
घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम घ्या. वडगाव-खासबागेत मिळतं, बाळ झोपलं की करायचं.

निपाणीचा_तंबाखू
कांडी मशीनच्या आवाजात सात महिन्यांचं बाळ झोपणार होय? आणि उडणारा तंतू त्याच्या छातीत. विजेचंही बघा. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकाच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमची ठरलेली युनिटं म्हणजे 2022-23 ची सरासरी आणि वर थोडी वाढ. माणूस दिवसभर घरी राहिला की पंखा, मिक्सर, गीझरनं ती ओलांडतात, वरच्या युनिटांचे पैसे येतात. महिन्यात 200 च्या वर गेलं की पूर्ण बिल.

खानापूर_रोड
एक म्हैस घ्या. घरचं दूध होईल.

वडगावची_गल्ली
साहेब, दोन खोल्या आहेत, त्याही माळ्यावर. म्हैस जिन्यावरनं चढवू?

बालवाडी_हिंदवाडी
विचारलं नाही, तरी सांगते. आई रात्रपाळीला असेल तर काढलेलं दूध खोलीत 4 तासच टिकतं, तेही 25 अंशांच्या आत. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तेवढंही धरू नका. फ्रिजमध्ये 4 दिवस, पण दारात नाही, आत मागच्या बाजूला. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची. राहिलेलं उष्टं दूध दोन तासांनी टाकायचं. पातळ नाचणी सत्त्वाला आता हरकत नाही, साखर-मीठ मात्र वर्षापर्यंत नको.
आणि तिच्या रुग्णालयात 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कायद्यानं पाळणाघर द्यायला हवं, दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही. लेखी अर्ज करून पोच घ्या. तोंडी मागितलं की ‘बघू’ म्हणतात.

वडगावची_गल्ली
तोंडीच मागितलं होतं. ‘बघू’च म्हणाले.
सोमवारी नोटीस देत नाही. आठ महिने पाळणाघर आणि पाळ्या कशा बसवायच्या ते बघतो. ती उद्याच अर्ज टाकते. इंग्रजीत चालतो का कन्नडातच लागतो?

तिसरं_गेट
खासगी असेल तर इंग्रजीत चालतो. कन्नडाचं सरकारी कचेरीत.

निपाणीचा_तंबाखू
आणि भिशी? उचलली का नाही ते अजून सांगितलं नाही.

वडगावची_गल्ली
उचलली. बाळंतपणात. अजून अकरा हप्ते आहेत.

निपाणीचा_तंबाखू
मग आठ महिने नाही, अकरा महिने थांबा. उचललेल्या भिशीतून मधेच सुटका नाही.