केनियातील क्षयरोगाच्या नव्या लशीची चाचणी

प्रश्न : जन्मतःच क्षयरोगाची बीसीजी लस टोचली जात असताना केनियात नव्या लशीची चाचणी कशासाठी?

प्रतिसाद : १९२१ पासून वापरात असलेली बीसीजी तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून बऱ्याच अंशी वाचवते, मोठ्यांच्या फुफ्फुसांच्या क्षयाबाबत मात्र तिचा भरवसा धरता येत नाही, आणि रोग पसरतो तो मुख्यतः त्यांच्याच खोकल्यातून.

दुसरा प्रतिसाद : केनिया, झांबिया व दक्षिण आफ्रिकेत सुप्त संसर्ग (अंगात क्षयाचे जंतू, पण आजार नाही) असलेल्या, एचआयव्ही नसलेल्या प्रौढांना एम७२ या नव्या लशीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने दिले आणि क्षयाची लक्षणे दिसली की थुंकी तपासली, तीन वर्षांत सुमारे ५० टक्के संरक्षण आढळले. निम्मेच, असे कोणी म्हणेल; मला ते थोडे वाटत नाही.

प्रश्नकर्ता : एचआयव्हीबाधितांचे काय?

दुसरा प्रतिसाद : २०२४ मध्ये सुरू झालेल्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात त्यांचाही समावेश आहे.