मदत हवी आहे: चार दातांचे दवाखाने, फिरते डॉक्टर आणि सगळ्यांच्या नोंदण्या

नमस्कार,

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली आणि कराड इथे आमच्या डॉक्टरांचे दातांचे दवाखाने आहेत आणि चारही ठिकाणचं ऑफिस मी बघते. शिक्षण बी.कॉम. पगार, खरेदी, लॅबची बिलं यांत काही अडचण नाही. अडतं ते नोंदण्या, परवाने आणि त्यांच्या मुदती यांच्यापाशी.

पूर्वीपासून इथे प्रत्येक दवाखान्याची एक बॉक्स फाइल आहे. जागेच्या कागदांसाठी ते ठीक आहे. पण आमची माणसं एका जागी नसतात. ब्रेसेसचे डॉक्टर सोमवारी सांगलीत आणि गुरुवारी कराडला असतात, रूट कॅनालच्या मॅडम तीन ठिकाणी जातात, असिस्टंट मुलींपैकी कुणी रजेवर गेली की दुसरीकडची पाठवावी लागते. त्यामुळे एकाच डॉक्टरांचं दंत परिषदेचं प्रमाणपत्र एका फाइलीत मुदत संपलेलं, दुसरीत नूतनीकरण झालेलं आणि तिसरीत नाहीच. मागे सांगलीत तपासणी झाली तेव्हा जैववैद्यकीय कचऱ्याच्या प्रशिक्षणाचं रजिस्टर मागितलं. प्रशिक्षण झालेलं होतं, सगळ्यांच्या सह्याही होत्या, पण ते कोल्हापुरात एकत्र घेतल्यामुळे रजिस्टर कोल्हापुरातच होतं. फोटो मागवून वेळ निभावली.

मला हे नुसतं फाइली लावण्याचं काम वाटत नाही. पेशंट खुर्चीत आडवा होऊन तोंड उघडतो तेव्हा समोरचा माणूस नोंदणीकृत आहे ना, एक्स-रे मशिन तपासलेलं आहे ना, हाताखालच्या मुलीला हिपॅटायटिस बीची लस मिळाली आहे ना, हे कुणीतरी आधी बघून ठेवलेलं असायला हवं. आमच्याकडे ते माझं काम आहे आणि ते मला नीट बसवायचं आहे.

विचारायचं ते असं. एक डॉक्टर बेळगावहून येतात, त्यांची नोंदणी कर्नाटकची आहे. ती आम्हाला चालते का? दुसरं, इचलकरंजीचं एक्स-रे मशिन कराडला न्यायचं चाललं आहे, त्याचे कागद काय करायचे? असिस्टंट मुली सहा-आठ महिन्यांत नोकरी बदलतात, मग लसीचे तीन डोस पूर्ण कसे करून घेता? आणि एकेका दवाखान्यात सहा-सातच माणसं आहेत, म्हणून आम्हाला पीएफ लागत नाही असं सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का? ज्यांच्या एकाहून जास्त शाखा आहेत त्यांनी आपली पद्धत सांगितली तर फार मदत होईल.

प्रतिसाद (दंतवैद्य, नाशिक)

ताई, आमच्या तीन शाखा आहेत आणि आम्हीही याच गोंधळातून गेलो. दवाखान्यानुसार फाइल ही पद्धत आधी मोडा. काही कागद माणसाचे असतात, काही यंत्राचे, काही जागेचे. माणसाचा कागद माणसाबरोबर फिरतो. तेव्हा प्रत्येक माणसाची एकच फाइल, तीही मुख्य ऑफिसात, आणि तिची स्कॅन प्रत चारही ठिकाणच्या संगणकावर दिसेल अशी ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो फाइल म्हणून धरू नका, सहा महिन्यांनी एकही सापडत नाही.

डॉक्टरच्या फाइलीत पदवी, परिषदेची नोंदणी, एमडीएस असेल तर ती अधिकची पदवी नोंदवल्याचा कागद, शेवटच्या नूतनीकरणाची पावती आणि व्यावसायिक विम्याची पॉलिसी. विम्याकडे नीट लक्ष द्या. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरच्या हातून काही झालं तरी पेशंट दवाखान्यालाही पक्षकार करतो. त्यामुळे त्यांची पॉलिसी वेगळी आणि दवाखान्याची वेगळी, दोन्ही हव्यात.

बेळगावच्या डॉक्टरांचं असं. दंतवैद्य कायदा १९४८ चा. त्यात नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते, आणि दुसऱ्या राज्यात व्यवसाय करणाऱ्याला आपलं नाव त्या राज्याच्या नोंदवहीत बदलून घेता येतं. त्या कायद्याप्रमाणे तो अर्ज राष्ट्रीय परिषदेकडे करायचा असतो. ते कायमचे इकडे आले असतील तर बदली करून घ्या. दोन्हीकडे काम चालू असेल तर महाराष्ट्राच्या परिषदेला पत्राने विचारा आणि आलेलं उत्तर त्यांच्या फाइलीला लावा. तोंडी "चालतं हो" यावर राहू नका. शिवाय २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत झालेला आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबण्यापेक्षा लेखी विचारलेलं बरं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांचीही परिषदेकडे नोंदणी असते. साध्या असिस्टंटची नसते. गर्दीच्या दिवशी "जरा स्केलिंग आटपून घे" (म्हणजे दातांवरचा थर काढणं) असं असिस्टंटला सांगितलं जातं, आणि ते बेकायदेशीर आहे. कुणी काय करायचं आणि काय करायचं नाही हे प्रत्येक मुलीच्या नेमणूकपत्रात लिहा. त्यात तिचंही रक्षण आहे.

लसीचं सोपं आहे. ०, १ आणि ६ महिने असे डोस. पहिला रुजू होण्याच्या आठवड्यात द्या, खर्च दवाखान्याचा. मुलगी मध्येच सोडून गेली तर लसीचं कार्ड तिच्या हातात द्या, पुढचा डोस ती नव्या ठिकाणी घेईल. नवी मुलगी येते तेव्हा तिचं जुनं कार्ड मागा, नाहीतर विनाकारण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, १० एमआययू/मिली किंवा त्याहून जास्त आली की निश्चिंत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना आणि नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी व प्रशिक्षण ही दवाखान्याची जबाबदारी आहे.

प्रतिसाद (एक्स-रे यंत्रांची तपासणी करतो, पुणे)

मशिन अजून हलवलं नसेल तर थांबा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर यंत्राची नोंदणी संस्थेच्या नावावर आणि त्या पत्त्यावर असते. टेम्पोत घालून कराडला नेलं की ते इचलकरंजीच्या कागदावर चालत नाही. आधी पोर्टलवर जागा बदलण्याची परवानगी, मग हलवणं, बसवल्यावर गुणवत्ता तपासणी, आणि तिचा अहवाल कराडच्या खात्यावर. कराडची संस्था पोर्टलवर आहे का तेही बघा. बऱ्याच जणांचे चारही दवाखाने एकाच लॉगिनखाली असल्याचा समज असतो. मशिन भंगारात काढतानाही कळवावं लागतं, हे अनेकांना माहीतच नसतं.

टीएलडी बिल्ले (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारे) ज्यांना दिलेत त्यांची नावं यादीत ठेवा. बिल्ला त्या माणसाचाच, बदली आलेल्या मुलीने दुसरीचा घालायचा नाही. तीन महिन्यांनी तो मोजणीला जातो, ती तारीख चुकवू नका. आणि शिशाचा ॲप्रन घडी करून कपाटात कोंबलेला मी दर दुसऱ्या दवाखान्यात बघतो. घडीच्या जागी आतलं शिसं तडकतं आणि वरून काहीच दिसत नाही. जाड हँगरवर टांगा.

प्रतिसाद (कामगार कायद्यांचा सल्लागार, नागपूर)

पीएफबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं आहे. मर्यादा २० माणसांची आहे आणि एका आस्थापनेच्या शाखा एकत्र मोजतात. सहा-सात गुणिले चार म्हणजे तुम्ही वीसच्या वर आहात. काही दवाखाने घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असले, तरी एवढ्याने सुटका होत नाही. पगार एकाच ऑफिसातून होतो का, माणसं इकडून तिकडे फिरतात का, हे पाहिलं जातं, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की फिरतात. महिन्याची पगारपत्रकं घेऊन स्थानिक सल्लागाराकडे लगेच जा, कारण उशीर केला तर थकबाकीवर व्याज आणि दंड लागतो. फीवर येणारे कन्सल्टंट यात सहसा धरत नाहीत, पण त्यांच्याशी लेखी करार हवा. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात दहा माणसांची रेषा आहे, तीही तपासा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मशिन अजून इचलकरंजीतच आहे, डॉक्टरांना आजच सांगितलं. पीएफचं ऐकून ते गंभीर झाले, उद्या सल्लागारांकडे जातोय. जागेच्या कागदांत चारही ठिकाणची कचऱ्याची अधिकारपत्रं आहेत. ती दर वर्षी नवी करायची का? आणि एक अवघड गोष्ट राहिली. ज्येष्ठ कन्सल्टंट सर "अहो, पाठवतो" म्हणतात आणि कागद येत नाही. वयाने, मानाने मोठे. त्यांना मी कसं सांगायचं?

प्रतिसाद (दंतवैद्य, नाशिक)

खाटा नसलेल्या दवाखान्याला अधिकारपत्र एकदाच घ्यायचं असतं, पण प्रत्येक जागेचं वेगळं. वार्षिक अहवाल मात्र दर वर्षी, जानेवारी ते डिसेंबरचा, ३० जूनच्या आत, चार जागांचे चार. कचऱ्याच्या नोंदी पाच वर्षं जपायच्या. गाडी येते तेव्हा रिसेप्शनिस्ट वजन न बघता सही करते का, तेवढं एकदा जाऊन बघा.

मोठ्या सरांना तुम्ही सांगू नका. तुमच्या डॉक्टरांच्या सहीचं एकच पत्र सगळ्या कन्सल्टंटना एकाच दिवशी जाऊ दे, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. आमच्या पत्रातला मजकूर असा आहे, हवा तर घ्या: "आदरणीय सर/मॅडम, नोंदणीच्या नूतनीकरणाची पावती व विम्याची प्रत मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी ऑफिसकडे द्यावी ही विनंती. प्रत नसल्यास मुदतीनंतरच्या तारखांना अपॉइंटमेंट देता येणार नाहीत." अपॉइंटमेंट देणं तुमच्या हातात आहे, त्यामुळे ही अट पाळली जाते. आमच्याकडे सगळ्यात ज्येष्ठ सरांची पावती सर्वांत आधी आली.