बेघरांच्या तात्पुरत्या आसऱ्यासाठी मिळकत कर आणि जीएसटीत सूट मिळते का?

प्रश्न (शुक्रवार पेठेतील रहिवासी):
नमस्कार. आमच्या दुमजली घराचा तळमजला, साधारण ६०० चौरस फूट, रिकामा आहे. मागच्या जुलैत स्वारगेटच्या पुलाखाली राहणारी दोन कुटुंबे एका संस्थेचे कार्यकर्ते रात्री साडेअकराला आमच्याकडे घेऊन आले. गोधड्या पिळल्या तेव्हा पाण्याचा ओघळ अंगणापर्यंत गेला, आणि धाकट्या मुलीचे दात पहाटेपर्यंत वाजत होते. म्हणून पावसाळ्याचे चार महिने ही जागा त्या संस्थेला विनाभाडे द्यावी, असे आम्हा बहिणींच्या मनात आहे. एका जाणकारांनी सगळा कर माफ होईल असे सांगितले, तर दुसऱ्यांनी अशी सूटच नाही असे सांगितले. खरे काय?

उत्तर (करसल्लागार):
ताई, दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १३२ नुसार इमारतीचा जो भाग केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरला जातो, त्यावर मिळकत करातला सर्वसाधारण कर लागत नाही. सफाई कर, मलनिःसारण लाभ कर वगैरे मात्र बिलात राहतात. ‘केवळ’ या शब्दावरच सगळे अडते. चार महिने निवारा आणि आठ महिने घरचे सामान, अशा जागेसाठी सूट मागितली तर ती टिकणे अवघड आहे. शिवाय पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत तळमजल्यापुरती जाऊ शकते, हेही आधीच धरून चाला. वर्षभर देणार असाल तर संस्थेशी लेखी करार करा आणि तिच्या धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीची प्रत जोडून अर्ज द्या. सोडलेल्या भाड्यावर धर्मादाय देणगीची आयकरातील (८०जी) वजावट मिळत नाही. ती पैशाच्या देणगीलाच आहे, रोखीने २,००० रुपयांपर्यंतच, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

उत्तर (निवाऱ्यातील स्वयंसेवक):
जीएसटीबद्दल लिहितो. विनामूल्य निवाऱ्यात मोबदलाच नसल्यामुळे तो कर येत नाही. अडचण येते ती जागा भरल्यावर एखाद्या कुटुंबासाठी लॉजची खोली घ्यावी लागते तेव्हा. दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली माफी १८ जुलै २०२२ रोजी गेली. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के दर आहे. महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला सूट आहे, पण सलग ९० दिवस राहण्याची अट असल्यामुळे दोन रात्रींच्या आसऱ्याला तिचा काही उपयोग नाही. वार्षिक २० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या लॉजला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे तिथे थेट जाऊन खोली घेतली तर हा कर पडत नाही. ॲपवरून घेतली तर पडतो. भिजलेल्या बाळंतिणीसाठी मध्यरात्री घेतलेल्या खोलीवर सरकारने कर घ्यावा, हे मला मुळीच पटत नाही. नोंदणीकृत संस्थेच्या नावावरील अशा बिलांना स्पष्ट माफी हवी.

एक व्यवहाराची गोष्ट: राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती, त्या हिशेबाने तुमच्याकडे बारा जणांची सोय होईल. रोज कोण आले आणि कधी गेले याची वही ठेवा. वापर सिद्ध करायला तीच लागते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. बहिणीशी बोलले, तळमजला वर्षभरासाठीच द्यायचे ठरले आहे. सामान वरच्या माळ्यावर हलवतो आहोत, आणि वही आजच आणली.