शब्दचर्चा: बोल्टाला पाणी ‘देतात’, ‘मारतात’ की ‘चढवतात’?

उद्यमनगरी
परवा चिठ्ठी लिहिली, ‘ॲलन बोल्ट १६ नग, पाणी मारणे’, आणि पोराला गाडीवर पाठवलं. पोरगं नवीन. तासाभरानं फोन, “दादा, हीट ट्रीटमेंटवाले म्हणत्यात बोल्ट आधीच कडक हायत, परत कशाला?” मला पाहिजे होतं जस्ताचं प्लेटिंग, म्हणजे वरून जस्ताचा पातळ थर. पोराला काय बोलणार? त्याच्या घरात कोयत्याला पाणी देतात, म्हणजे तापवून, विझवून कडक करतात. माझ्या डोक्यात दागिन्याचं पाणी. तुमच्याकडं कसं बोलतात?

हुपरीकडचा
आमच्यात पाणी म्हणजे चढवायचंच. चांदीच्या दागिन्यावर सोन्याचं पाणी. ‘मुलामा’ही म्हणतात, पण गिऱ्हाइकासमोर कोण म्हणत नाही. शब्द अरबीतून आलेला, मुळात अर्थ चकाकवलेला. मराठीत येऊन बिचारा बदनाम झाला, ‘वरवरचा मुलामा’ म्हटलं की आत खोट ठरलेली.
कल्हई मात्र मध्ये आणू नका. परवा एका दुकानात गॅल्व्हनाइज पाइपला ‘कल्हई केलेला’ म्हणताना ऐकलं. कल्हई कथलाची, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून बोळ्यानं फिरवतात. पाइपावर असतं ते जस्त. दोन वेगळे धातू आहेत राव.

भात्याजवळ
आजा लोहार, म्हणून बोलतो. पाणी ‘देतात’ किंवा ‘पाजतात’. कोयता लाल करायचा, धारेची बाजू पाण्यात घालायची, चर्र झालं की काढून रंग बघायचा. पाणी जास्त झालं की धार उडते, कमी झालं की दुमडते. ग्राइंडरला जोर लावून पातं निळं पडलं की आजा ओरडायचा, “पाणी उतरवलंस की रं!”
गंमत म्हणजे बोल्ट बहुतेक तेलात विझवतात. तरी आमच्या तोंडात पाणीच.

मराठीमास्तर
प्लेटिंगला ‘विद्युत् विलेपन’ हा चांगला शब्द मराठीत आहे. तो का वापरू नये?

उद्यमनगरी
सर, वापरतो की. पण शिरोलीच्या प्लेटिंगवाल्याला फोन लावून “विद्युत् विलेपन करून द्या” म्हटलं तर तो म्हणेल राँग नंबर.

तपासनीस
मास्तरांच्या शब्दाची एक बाजू घेतो. त्यात ‘विद्युत्’ आहे, म्हणून जस्त बसवायच्या दोन रीती वेगळ्या राहतात. पत्रा, पाइप साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, ते बुडवणं. बोल्ट बॅरलमध्ये घालून करंट देतात, ते प्लेटिंग. थर ५ ते १२ मायक्रॉनच्या आसपास. बुडवलेला थर त्याच्या कितीतरी पट जाड. साध्या बोल्टाला तो दिला तर आटे भरतात आणि नट चढत नाही. ‘जस्त लावा’ एवढंच लिहून कळत नाही ते यासाठी.
बाकी, उद्यमनगरी, त्या ॲलन बोल्टच्या डोक्यावर काय कोरलंय?

उद्यमनगरी
१२.९. जुन्या जीपचं इंजिन माउंटिंग करतोय. काळे बोल्ट गंजले होते म्हणून पिवळं पाणी मारून घेतलं. पिवळेधम्मक झालेत, लई भारी.

तपासनीस
भावा, लावू नकोस. १२.९ म्हणजे ताणशक्ती १२०० मेगापास्कल, आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ लांबीवर येणारा. इतका कडकपणा मिळतो तो पाणी दिल्यानं. प्लेटिंगआधी सफाईच्या ॲसिडमध्ये आणि मग प्लेटिंगच्या द्रावणात हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो. नरम बोल्टाला फारसं काही होत नाही, कडक बोल्ट ठिसूळ होतो. प्लेटिंग झाल्यावर ४ तासांच्या आत भट्टीत घालून २०० अंशांच्या आसपास काही तास भाजतात. तुझ्या प्लेटरनं भाजले का?

उद्यमनगरी
भाजायचं कोण बोललंच नाही. चिठ्ठीत ‘पाणी’ एवढंच होतं. आणि चार बोल्ट काल संध्याकाळी लावले की ओ. व्यवस्थित टाइट झाले.

तपासनीस
टाइट होतानाच तुटला तर बरं असतं. हा नंतर तुटतो.

भात्याजवळ
म्हणजे दिलेलं पाणी आणि चढवलेलं पाणी यांचं जमत नाही म्हणा.

उद्यमनगरी
आज सकाळी शटर वर केलं तर जीपखाली एक डोकं पडलेलं. पिवळंधम्मक. जीप जागची हललेली नाही. तुटलेलं तोंड बघितलं, ओढल्यासारखं निमुळतं कुठंच नाही. रवाळ गुळाची ढेप फोडल्यासारखं दाणेदार. उरलेले आता भट्टीत घालू का?

तपासनीस
नको. आत बारीक चिरा पडल्या असतील तर त्या भाजून सांधत नाहीत. सगळे १६ भंगारात, आणि ते पण वाकवून टाक, नाहीतर कोणीतरी उचलून वापरेल. नवीन आण. १२.९ बहुतेक काळेच येतात ते यासाठी. ब्लॅकोडायझिंगमध्ये, म्हणजे तो काळा थर देताना, करंट नसतो. गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवत राहायचं.

हुपरीकडचा
जीव वाचला दादा. पण ते ‘पिवळं’ म्हणजे नक्की काय?

तपासनीस
जस्तावरचं पॅसिव्हेशन. जस्त स्वतः लोखंडाच्या आधी झिजतं, पहिला दिसतो तो पांढरा गंज. जस्त संपलं की लाल. पांढरा लांबवायला क्रोमियमचा हा पातळ पापुद्रा. पूर्वी ‘पिवळं’ म्हटलं की हेक्सा क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, हे ठरलेलं. युरोपनं २००० च्या नियमानं गाड्यांमधलं हेक्सा जवळपास हद्दपार केलं, १ जुलै २००७ पासून. आता ट्राय क्रोमियम या दुसऱ्या रूपावर रंग देऊनही पिवळं करतात. शब्द तोच, आतलं रसायन बदललं. एक्स्पोर्टच्या चलनावर नुसतं ‘पिवळं’ लिहू नका.

कागलहून
असंच ‘दहाचा बोल्ट’. गॅरेजमधला म्हणतो तो १० च्या पान्याचा, म्हणजे एम ६, आट्यांचा व्यास ६ मिलिमीटर. दुकानदार देतो एम १०. त्यात जुने लोक अजून सूतात बोलतात, चार सूती म्हणजे अर्धा इंच. ह्याचा वेगळा धागा काढा कोणीतरी.

मराठीमास्तर
मग कडक बोल्टाला करंटशिवायचं काही चमकदार नाहीच?

तपासनीस
चमकदार नाही, राखाडी आहे. झिंक फ्लेक. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचं घट्ट मिश्रण. बोल्ट त्यात बुडवायचे, जाळीच्या टोपलीत गरगर फिरवून जादा झटकायचं, भट्टीत भाजायचं. करंट नाही. आधीची सफाईही ॲसिडऐवजी छर्रे मारून केली तर हायड्रोजनचा प्रश्न येत नाही. गाड्यांच्या १०.९ ला, म्हणजे १२.९ च्या खालच्या ग्रेडच्या बोल्टांना, सर्रास हेच असतं.

भात्याजवळ
बुडवलं, झटकलं, भाजलं. ह्याला पाणी म्हणू नका. हा लेप.

उद्यमनगरी
लिहिली नवी चिठ्ठी. ‘१०.९, २४ नग, झिंक फ्लेकचा लेप. पाणी नको.’ पोरानं वाचली आणि विचारतंय, “दादा, प्यायला पण नको?”