घरी सराव करायला सॉफ्टवेअरचा स्वस्त परवाना मिळावा की नाही?

मानेवाडा_ड्राफ्टिंग
नागपुरात धरमपेठेतल्या एका ऑफिसात नऊ वर्षं ड्राफ्टिंग केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढले. मुलगी झाली, चार वर्षं घरी होते. आता परत कामाला लागायचं आहे. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "हात चालतो का अजून?" खरं सांगते, नाही चालत. कमांड बोटांत असतात आणि चार वर्षांत बोटं विसरतात. रोज दोन तास बसले तर महिनाभरात परत येईल सगळं. पण बसू कशावर?

ऑटोकॅड या ड्राफ्टिंगच्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना विकणं २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून भाडंच. वर्षाचं भाडं माझ्या शेवटच्या दोन पगारांहून जास्त आहे. विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, मी विद्यार्थी नाही. ट्रायल सुरू केली आणि पोरगी तापाने पडली, ती तशीच संपली. एका क्लासवाल्याने चोरीच्या कॉपीचा पेनड्राइव्ह पुढे केला, "सगळेच वापरतात" म्हणाला. मी घेतला नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-बी वाचलंय मी. धंद्यासाठी वापर नसला तरी पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

गणिताच्या मॅथेमॅटिका सॉफ्टवेअरची घरगुती आवृत्ती २००९ मध्येच २९५ डॉलरला आली. आकडेमोडीच्या मॅटलॅबचा होम परवाना आहे, यंत्रभागांच्या डिझाइनच्या सॉलिडवर्क्सचा मेकर्ससाठी, म्हणजे हौशी लोकांसाठी आहे. मग आम्हा ड्राफ्टिंगवाल्यांना तसा का नको?

हिंगणा_फॅब्रिकेशन
ताई, तुमची अडचण खरी आहे, तरी माझा विरोध आहे. हिंगणा एमआयडीसीत माझं डिझाइनचं काम चालतं. सहा सीट, म्हणजे सहा परवाने, सहाही विकतचे, वर १८ टक्के जीएसटी. कोटेशन टाकलं की समोर घरून काम करणारा अर्ध्या भावात उभा असतो. त्याच्या हातात आता अधिकृत स्वस्त परवाना दिला, तर माझ्या सहा पोरांचे पगार मी कुठून काढू? घरचं सिलिंडर १४.२ किलोचं, हॉटेलचं १९ किलोचं. घरच्या टाकीवर हॉटेल चालवलं तर पकडतातच ना? मग इथेही तोच नियम लावा.

महाल_डीटीपी
जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे भरायच्या करातून वजा होऊन, परत मिळतो भाऊ. ताईंना कुठून मिळणार?

आणि घर कुठे संपतं, धंदा कुठे सुरू होतो, ते आमच्या महाल भागात येऊन मला दाखवा. खाली मशीन, वर आम्ही राहतो. लग्नसराईचे चार महिने पत्रिका, बाकीचे महिने बिलबुकं. डिझाइनच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती यायची, परवडायची, पण धंद्याला चालत नव्हती. एका पत्रिकेचे दोनशे रुपये घेतले की मी धंदेवाला झालो, आणि मोठ्या एजन्सीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. हे मला पटत नाही.

खामला_मुक्त
तुम्ही सगळे त्याच दावणीला परत बांधून घ्यायला निघालात. फ्यूजन या डिझाइन सॉफ्टवेअरचं घरगुती वापराचं फुकट खातं आठवा. २०२० मध्ये एकदम दहाच फाइलींची मर्यादा आली. दिलेलं काढून घेता येतं, म्हणूनच ते देतात. फुकट आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली. नकाशांसाठी क्यूजीआयएस आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशी साधनं कॉलेजांत शिकवतो. शिकायचंच तर हे शिका.

महाल_डीटीपी
माझ्याकडे वीस वर्षांच्या पत्रिका जुन्या श्रीलिपी फाँटात आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, उघडल्या की अक्षरांचा चिखल होतो. तो मी एकट्याने कधी निस्तरू?

मानेवाडा_ड्राफ्टिंग
फ्रीकॅड टाकून पाहीन. पण जाहिरातीत "ऑटोकॅड आवश्यक" असंच छापून येतं.

मीटर_रीडर_निवृत्त
सिलिंडरचं निघालं म्हणून मीटरचं सांगतो, आयुष्य त्यातच गेलं. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्यालाही घरगुती दर मिळतो. अट एवढीच की वापर महिन्याला ३०० युनिट आणि आदल्या वर्षी ३,६०० युनिटच्या आत हवा. पापडवाली, शिंपी, शिकवणीवाले सगळे त्यात बसतात. म्हणजे रेघ धंद्यावर मारलेली नाही, आकड्यावर मारली आहे. सॉफ्टवेअरमध्येही असं आहेच. सॉलिडवर्क्सच्या मेकर्स परवान्यात वर्षाला २,००० डॉलरपर्यंत कमाई चालते, फ्यूजनच्या घरगुती खात्यात १,००० डॉलरच्या आत.

हिंगणा_फॅब्रिकेशन
काका, युनिट मीटर मोजतो. घरात बसून किती कमावलं ते कोण मोजणार? महालवाल्या दादांसारखा माणूस खरं सांगेल, माझ्या समोरचा नाही सांगणार.

मानेवाडा_ड्राफ्टिंग
कमाई मोजायची गरजच नाही. मेकर्स परवान्यातल्या फाइलीवर खूण असते आणि ती फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाही. माझ्या फाइली तुमच्या सहाही सीटवर उघडणार नाहीत, तुमच्या गिऱ्हाइकाकडेही नाहीत. त्या घेऊन मी तुमचं कोणतं काम पळवणार? माझा फक्त हात सुधारेल. आणि उद्या कदाचित तुमच्याकडेच नोकरीला येईन.

हिंगणा_फॅब्रिकेशन
हे मला माहीत नव्हतं. फाइलच बाहेर चालत नसेल तर सरावाच्या परवान्याला माझा विरोध नाही, तो मागे घेतो. कमाईची सूट मात्र अजूनही मान्य नाही.

महाल_डीटीपी
म्हणजे ताईंचं जमलं, माझं तिथेच राहिलं. माझी तर फाइल बाहेर जाते, तेव्हाच पत्रिका छापून होते.

हिंगणा_फॅब्रिकेशन
दादा, तुमच्यासाठी काकांसारखा आकडा ठरवा, पण तो तपासायची सोय आधी सांगा. ताई, एक सुचवतो. संध्याकाळी सहानंतर माझ्या दोन सीट रिकाम्या असतात. महिनाभर येऊन सराव करा, पैसे नकोत.

मानेवाडा_ड्राफ्टिंग
मनापासून आभार, दादा. पण सहानंतर मानेवाड्याहून हिंगण्याला यायचं, तर पोरीला कोणाजवळ ठेवू? ती नऊला झोपते. माझे दोन तास तिथून पुढे सुरू होतात, आणि ते घरीच आहेत.